साखरेचे बारा ऊस

सासूबाईंनी फ्रिजमधून डबा काढला, ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा हात कोपरापर्यंत गळ्यातल्या झोळीत होता. आदल्या दिवशीच ऑपरेशन करून मी वारज्याला घरी आले होते.

"तुझे ऊस दोन डब्यांत सहा-सहा नीट ठेवलेत," त्या म्हणाल्या. "पुठ्ठ्यात उघडेच टाकले होतेस. मुंग्या लागल्या असत्या." आणि त्यांनी झाकण उघडलं.

मी अकरा वर्षं केक सजवायचं काम करते. फाँडंट म्हणजे साखरेची मऊ कणीक. त्यात सीएमसी नावाची पावडर मळली की ती वाळून खडूसारखी कडक होते. फुलं, पानं, बाहुल्या अशा वस्तू त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी करून ठेवता येतात. फक्त त्या कोरड्या राहायला हव्यात. म्हणून त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, बटर पेपरवर, अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. फ्रिजमधली पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो, तसाच साखरेलाही सुटतो. फरक एवढाच, की बाटली विरघळत नाही.

ही ऑर्डर रोहिणी गायकवाडची होती. ती आयटीत. तिचे वडील मांजरी गावच्या ऊस संशोधन केंद्रात उसाच्या जाती तयार करण्याचं काम आयुष्यभर करून निवृत्त झाले होते. ऑफिसातल्या निरोप समारंभाला ते गेलेच नाहीत. घरीही काही करायचं नाही म्हणाले. बऱ्याच मिनतवारीनंतर एका केकला हो म्हणाले, तेही घरची माणसंच असतील तर. रोहिणीला केकवर त्यांच्या आवडत्या जांभळ्या उसाचं बेट हवं होतं. बारा ऊस, पानांसकट.

मनगटातली नस दबल्यामुळे माझी बोटं वर्षभर बधिर व्हायची. ऑपरेशनची तारीख मिळाली, म्हणून ऊस मी आधीच करून ठेवले. बारीक काडीभोवती फाँडंट वळलं, फुटपट्टी लावून कांड्यांच्या खुणा केल्या, आठवडाभर वाळवलं, मग कोरड्या ब्रशने जांभळा रंग चढवला. डॉक्टर म्हणाले होते की पकड परत येईल, बारीक कामाचं आत्ता सांगता येत नाही. म्हणजे हे बारा ऊस माझ्या उजव्या हाताचं शेवटचं बारीक काम ठरण्याची शक्यता होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जुलैची दमट हवा होती. आमच्या डोळ्यांदेखत उसांवर चमक आली, मग थेंब आले, मग जांभळा रंग ओघळून हिरव्या पानांवर उतरला. सासूबाई फडकं घेऊन पुसायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं. ओल्या फाँडंटला हात लावला की बोटाचा ठसा उमटतो. नुसत्या पंख्याखाली ठेवलं तर कधी कधी पुन्हा वाळतं. हे वाळले नाहीत. तासाभरात सहाही ऊस एकमेकांना चिकटले.

गुरुवार होता. केक शनिवारी संध्याकाळी द्यायचा होता.

"दुसरा डबा कुठे आहे?" मी विचारलं.

"फ्रिजमध्येच. तो नाही उघडला."

तो बंदच बाहेर काढायला सांगितला. कोरड्या टॉवेलात गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. डबा बंद असला की बाहेरची दमट हवा आत जात नाही. पाणी डब्याच्या बाहेरच धरतं. आतली वस्तू हळूहळू खोलीइतकी गरम झाली की मग उघडायचं. दर तासाला सासूबाई टॉवेल बदलत होत्या.

मधल्या वेळात मी रोहिणीला फोन केला. न सांगता निभावता आलं असतं का, हा विचार मनात आला होता. पण बाराचे सहा झाल्यावर लपवणार काय?

तिने सगळं ऐकून घेतलं. "मेधाताई, तुम्ही त्या हाताने नवे करू शकणार नाही ना आता?"

"नाही."

"मग सहाच द्या. बाबांना कारण मी सांगीन."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई समोरच होत्या. त्यांनी विचारलं, नवे करायला काय अडचण आहे? मी सांगितलं की जाड ऊस उभा राहण्याइतका कडक व्हायला चार दिवस लागतात. त्यांचं माहेर लोणी काळभोरचं, घरचा ऊस.

"मग उभा कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "तोडलेला दाखव. आडवा पडतो तो."

हे मला सुचलं नव्हतं.

सहा वाजता दुसरा डबा उघडला. आतले सहा ऊस कोरडे होते. मी खुर्चीत बसले आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिले.

शुक्रवारी सासूबाईंनी ऊस वळले. खिरीसाठी बोटांवर गव्हले, मालत्या वळण्यात त्यांची हयात गेलेली. हात कोरडा ठेवायला कॉर्नफ्लोअर वापरायचं, एवढंच मी शिकवलं. फुटपट्टी देऊ केली तर ती त्यांनी बाजूला सारली. सुरीच्या पाठीने पेरं उमटवली आणि सहा उसांची मोळी रचली. पानं पातळ, ती शनिवारी सकाळपर्यंत वाळली.

मांजरीला गायकवाडांच्या घरी पोचल्यावरच मी ऊस केकवर खोचले, डाव्या हाताने. सासूबाईंनी मोळी शेजारी ठेवली. रोहिणीचे वडील, गायकवाड सर, आले. चष्मा लावून वाकले. मग त्यांनी मोळीकडे बोट केलं.

"हे कोणी केले?"

सासूबाई म्हणाल्या, "मी."

"बुडख्याची कांडी आखूड, मधली लांब, शेंड्याला पुन्हा आखूड. बरोबर आहे." मग ते उभ्या उसांकडे वळले. "आणि हे फुटपट्टीने केलेत. असा ऊस मला तीस वर्षांत करता आला नाही."

रोहिणी हसली. सरही हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि जमलेल्या माणसांना उसाला तुरा कधी येतो ते सांगू लागले. केक कापायला पाऊण तास लागला.

माझा हात दोन महिन्यांनी सुधारला. अंगठा अजून थोडा आळशी आहे. आता प्रत्येक खोक्यावर मी मार्करने लिहिते: फ्रिजमध्ये ठेवू नये, झाकण उघडू नये, मुंग्यांची काळजी करू नये. सासूबाईंचं म्हणणं, हे आधी लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. ते खरं आहे. जी सूचना फक्त आपल्या डोक्यात असते, ती मोडल्याचा दोष दुसऱ्याला देता येत नाही.