टक्कल पडलेली कोठी

ओरिस्या हाव्रिलुकचा सकाळचा क्रम ठरलेला. आधी चुलीवर बटाटे, मग कॉफी, आणि बटाट्यांना रंग चढेपर्यंत रेडिओवर कॅनोला ह्या तेलबियांचा भाव. सप्टेंबरात बुशेलच्या मापाला पंधरा डॉलर होता तेव्हा ती म्हणाली होती, सोळा होऊ दे. तो चौदावर आला तेव्हा म्हणाली, परत चढेल. आता फेब्रुवारी निम्मा सरला होता आणि रेडिओवरचा तो तरणा पोरगा पिकनिकला निघाल्यासारख्या आवाजात सांगत होता, "बारा डॉलर दहा सेंट." बटाटे एका बाजूने करपले.

तेवढ्यात दार वाजलं. तेही पुढचं.

आमच्या भागात पुढचं दार पाद्री वाजवतो, नाहीतर पोलीस. बाकीचे मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतात आणि बूट काढता काढता कॉफी मागतात. ओरिस्याने हात पुसले आणि दार उघडलं. बाहेर नेस्टर पिडलुबनी उभा होता. पलीकडच्या शेतावरचा, तिच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या ह्या नात्याने तो तिला 'कुमो' म्हणायचा आणि ती त्याला 'कुमे'.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गेलं. कुमो, तुझ्या कोठीला टक्कल पडलंय."

"तुझ्यापेक्षा जास्त?"

"थट्टा नको. कोट घाल."

रात्रभर बर्फ पडला होता. अंगणातल्या ओट्सच्या तिन्ही कोठ्यांनी पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. चौथीचा, कॅनोलाच्या कोठीचा पत्रा मात्र उघडा आणि ओला चकचकत होता. उणे चोवीस अंशांत. आतलं धान्य बिघडायला लागून तापल्याशिवाय छपरावरचा बर्फ वितळत नाही, हे इथे शाळेत जायच्या आधीच कळतं.

नेस्टर शिडीने वर चढला, झाकण उघडून आत वाकला आणि टोपीत ओंजळभर दाणे घेऊन खाली आला. उघडं डोकं थंडीने लालबुंद झालं होतं. ओरिस्याने हातमोजा काढून त्या काळ्या बारीक दाण्यांत बोटं खुपसली. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखे ते कोमट होते. नाकाशी धरले, वास अजून बिघडला नव्हता.

"डिसेंबरात ट्रकभर माल खालून काढून परत वरून ओतला नाहीस?" नेस्टरने विचारलं. "दरवर्षी काढतेस. मधला माल हलला, थंड झाला, की झालं. तुझ्या पाव्लोने कधी चुकवलं नाही."

ओरिस्याने दाणे परत टोपीत टाकले. म्हणाली, "ट्रक भरला असता तर रस्त्यावरून दिसला असता."

"मग?"

"मग तुम्ही सगळे दुकानातल्या त्या कॉफीच्या टेबलावर बसून म्हणाला असतात, ओरिस्या घाबरली, मातीमोलाने विकायला निघाली."

नेस्टरला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. तिच्या नवऱ्याने, पाव्लोने, एका वर्षी घाईने सात डॉलरला माल विकला आणि भाव तेरावर गेला. त्यानंतर बावीस वर्षं टेबलाने त्याला 'सातवाला' म्हणून हाक मारली. त्याच्या मयताच्या जेवणातसुद्धा एकाच्या तोंडून ते निसटलं होतं. पाव्लो स्वतः हसायचा. ओरिस्यालाच ते लागायचं.

"टेबलाचं काय घेऊन बसलीस," नेस्टर बुटाने बर्फ उकरत म्हणाला. "मी माझा माल नोव्हेंबरात विकला. चौदा डॉलर वीस सेंटने."

"काय? रोज तर सांगतोस, एक दाणा हलवला नाही म्हणून!"

"भाव वर गेला असता तर तोंड कुठे लपवलं असतं? आणि बाकीच्यांचंही काही खरं नाही. म्हातारा ओस्टाप सोळाला विकल्याचं सांगतो. सोळा भाव झालाय कुठे यंदा?"

"लबाडांनो! आणि तुमच्याकडे बघून मी थांबले!"

"म्हणून तर परक्यासारखा पुढच्या दाराने आलो," नेस्टर मान खाली घालून म्हणाला. मग जरा उत्साहाने, "हे बघ, माझी कोठी रिकामी आहे. आजच माल तिकडे ओतू, गार होईल. एप्रिलपर्यंत भाव चढलाच तर..."

"नको. पाच महिने त्या पोराचा आवाज ऐकत बटाटे करपवतेय. रोज वाटतं, उद्या चढेल. ह्या नादात घरचं धान्य तापलेलं दिसलं नाही मला."

ती आत गेली आणि कोट न काढताच खरेदी केंद्राला फोन लावला. माल कोमट आहे हेही सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, जळका दाणा नसेल तर उद्यापासून आणा, आजच्या भावाने. नेस्टर उंबऱ्यात टोपीतले दाणे सांभाळत उभा होता.

"सगळा?" त्याने विचारलं.

"सगळा. टेबलावर खुशाल सांग, बाराला दिला म्हणून."

त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवून ती समोर बसली.

"ट्रक मी चालवीन, माल मी भरीन. पण शेवटी कोठीच्या तळाला गुडघाभर दाणे उरतात. ते त्या बारक्या दारातून रांगत आत जाऊन झाडावे लागतात. पाव्लो झाडायचा. माझा गुडघा आता वाकत नाही. तेवढं झाडायला येशील?"