रिसाल्याचं खोगीर

सेनगावात नवरदेव घोडीवर चढणार, एवढ्यात घोडीवाल्या ग्यानोबानं खोगीर सारखं करायला खाली हात घातला आणि बोटं ओली झाली. दुहेरी घोंगडी असूनही मुन्नीची पाठ सोलवटली होती.

त्याला नवल वाटलं नाही, नुसता शीण आला. खोगीर पलटणीतल्या उंच्यापुऱ्या घोड्याच्या मापाचं, मुन्नी गावरान, बुटकी. ग्यानोबाचा आजा रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोड्यांची निगा राखणारा सईस होता. पहिल्या महायुद्धात घोडे बोटीत घालून परमुलखात नेले. घोडा तिकडंच राहिला, आजा तेवढं खोगीर घेऊन परतला. ग्यानोबानं त्याच्यावर मखमल चढवली, टिकल्या लावल्या. गोरेगावपासून जवळा बाजारापर्यंत लोक घोडीला नाही, खोगिराला बोलवायचे. "लढाईतलं हाय म्हने!" की लगेच फोटो. त्या कौतुकात मुन्नीच्या मापाची गादी शिवायची राहूनच गेली.

"ओ ग्यानोबाकाका, काहून थांबून राहिले?" नवरदेवाच्या मामाचा आवाज डीजेच्याही वर. "मुहूर्त तुमच्या घोडीला इचारून काढायचा व्हता का?"

"पाठ लागली तिची. आज कुनालाच बसू देत न्हाई."

"आरं बाप्पा! मारुतीपस्तोर तर जायचंय. नवरदेव काय हत्ती हाय?"

"थोडा हाय," करवल्यांतलं कुणीतरी फिसकन बोललं. नवरदेवानं पोट आत ओढलं.

ग्यानोबा खोगिराचा पोटाखालचा तंग सोडायला लागला, तसा मामा जवळ आला आणि एकदम हळू बोलला, "काका, बराबर न्हाई हे. पुन्यांदा या गावात वरात भेटनार न्हाई तुमाला."

"न्हाई तर न्हाई."

कुणीतरी बुलेट आणली. फेटा सावरत नवरदेव मागं बसला आणि वरात धुरळ्यासकट पुढं गेली.

ग्यानोबानं खोगीर उचलून डोक्यावर घेतलं. आजा सांगायचा, रिसाल्यात ज्याच्या हातून घोड्याची पाठ सोलवटायची, त्यानं खोगीर वाहत पायी चालायचं, तोच कायदा. लहानपणी ग्यानोबाला याचं हसू यायचं. आता मानेत कळ उठत होती.

गोरेगावच्या रस्त्यावर ओळखीच्या बाबूसिंगनं जीप थांबवली. "चाचा, टपावर टाका ना ते. घोडी रिकामी अन् तुमी लादलेले! उगं तकलीफ काहून?"

"सजा हाय बाबा."

"कुनी देली?"

मागं मुन्नीकडं बघायला ग्यानोबानं मान वळवली, पण ओझ्याखाली ती वळेना.

"जा तू. तिला पानी दाखवायचंय," तो म्हणाला आणि पाय ओढत निघाला.