थोडी मोकळी जागा

शैला गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मीच सगळ्यांना दिली, कारण ती माझ्या घरात, माझ्यासमोर गेली. फोनवर जो तो एकच बोलायचा... बाई नशिबाची, शेवटी भावाच्या घरी, भरल्या घरात गेली. मी नुसतं "व्हय" म्हणायचो. दिवसकार्य होऊन महिना उलटला, पण तो "व्हय" काही घशाखाली उतरत नाही.

शैला माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती परकरात होती. मी चौथीतून शाळा सोडलेली. पुढं भवानी पेठेत दुकान टाकलं. ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, नव्या प्लेटी बसवायच्या, हा धंदा. ती मात्र शिकली आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली. मी शिकवलं तिला, असं चारचौघांत मी लई वेळा सांगितलंय. तिनं कधी खोडून काढलं नाही, हसायची फक्त.

आमच्याकडं गिऱ्हाईक बॅटरी उचलून बघतं. खांदा खाली गेला की माल चांगला. म्हणून मी डब्यात मावेल तेवढी उंच प्लेट घालायचो, पार तळापर्यंत. कंपनीवाले तळाशी मुद्दाम थोडी जागा सोडतात. वापरताना प्लेटीचा माल झडतो, तो गाळ तिथं बसतो. मला ती जागा फुकट गेलेली वाटायची. एकदा कॉलेजातून येता येता शैला दुकानात थांबली, उघडा डबा वाकून बघितला आणि म्हणाली, "अण्णा, गाळाला जागा ठेव की. गाळ प्लेटींना भिडला की बॅटरी आतल्या आत मरते." मी म्हणालो, तू पोरं शिकव, बॅटरी माझ्यावर सोड. पुढं बॅटऱ्या परत यायला लागल्या, तेव्हा मी ॲसिडच भेसळीचं आहे म्हणून ओरडलो. प्लेटी काही कमी केल्या नाहीत.

तिचं संशोधन नेमकं पोकळपणावरच होतं, ही तर मला थट्टाच वाटायची. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक प्लास्टिकचे गोळे करायचे, त्यांच्यावर थर चढवायचा, मग भट्टीत तापवायचं. आतला गोळा उडून जातो आणि कार्बनचं पोकळ कवच उरतं. त्या कवचात वीज साठवणारा माल भरायचा, तोही थोडाच. मी विचारलं, गच्च का भरत नाही? ती म्हणाली, चार्ज होताना माल फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. नाहीतर कवच फुटतं. वर म्हणाली, "सगळंच तुझ्या डोक्यासारखं गच्च भरून चालत नाही, अण्णा." दुकानातला कारागीर खुसखुसला. मला राग आला, पण खरं सांगू का, बहीण अशी बोलू शकते याचा अभिमानही वाटला. तिनं कितीदा बोलावलं तरी ती कवचं बघायला मी प्रयोगशाळेत गेलो नाही. पोकळ वस्तू बघायला कामधंदा सोडून कोण जाणार, असं म्हणायचो.

तिनं लग्न केलं नाही. सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत एकटी राहायची. गेल्या वर्षी आजारानं गाठलं, आणि डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, तेव्हा मी कुणाला न विचारता तिचं सामान टेम्पोत घातलं. ती म्हणाली, मला हितंच राहू दे, बाई येऊन जाईल, तू संध्याकाळी ये. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? भाऊ जिवंत असताना एकटी पडली? आणि घरी आणली. मधल्या खोलीत खाट टाकली. सुना, नातवंडं, भेटायला येणारे पाव्हणे, टीव्ही, देवाची आरती... तिच्याजवळ सतत कुणीतरी असेल अशी मी सोय केली. मी स्वतः तर उठायचोच नाही. तिच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध वाचायचा राहिला होता. तो उशीखाली घेऊन ती पडलेली असायची आणि पान उघडलं की कुणीतरी कुशीला येऊन बसायचं.

जायच्या आठवडाभर आधी तिनं माझा हात धरला. "अण्णा, दार लोटून घे आणि थोडा वेळ बाहेर बस. सगळेच बाहेर बसा." मी म्हणालो, "येडी का काय, एकटं सोडू व्हय तुला?" तिनं भिंतीकडं तोंड केलं. आणि मी जवळ सरकून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो... दुखतंय म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

प्रबंध अर्धाच वाचून झाला. ती पोरगी येऊन घेऊन गेली, माझ्या पायाही पडली.

आता सात रस्त्याच्या खोल्यांची किल्ली माझ्याकडं आहे. पोरं भाड्यानं देऊ म्हणतात. मी नको म्हणालो आणि कारण सांगितलं नाही. रोज संध्याकाळी जातो. कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, मग दार लोटून घेतो आणि बाहेर जिन्यात बसतो. शेजारची बाई म्हणते, काका, आत बसा की, पंखा हाय. मी हितंच बरा, म्हणतो. आत कुणी नाही हे मला माहीत आहे. तरी जिन्यावरून कुणी मोठ्यानं बोलत चढलं, की मी हात करून त्याला हळू बोलायला लावतो.