पिनबॉलच्या मशीनपुढे

काल मिक्सर जळाला. तापलेल्या तारेच्या त्या वासाने मला थेट नगरच्या स्टँडजवळच्या गेमच्या दुकानात नेऊन उभं केलं.

मला बघायला आलेल्या राहुरीच्या मुलाशी जरा बोलून ये, म्हणून मामांनी आम्हा दोघांना बाहेर पाठवलं होतं. तो मला पिनबॉलच्या मशीनपुढे घेऊन गेला. दिवे लुकलुकत होते, घंट्या वाजत होत्या. स्टीलची गोळी सारखी खाली यायची आणि तो ती सारखी वर मारायचा. मशीनमधून तापलेल्या तारेचा वास येत होता.

"तेच तेच तर चाललंय," मी म्हणाले. "कंटाळा न्हाई येत?"

"तेच न्हाई हो. आता बघा." त्याने बटण दाबून खालची पट्टी उचलून धरली. गोळी तिच्यावर अलगद टेकली. "सगळे घाबरून लगेच मारतात. अशी थांबवली, की कुठं मारायची ते आपल्याला ठरवता येतं."

मी खेळायला लागले. गोळी आली, मी घाबरून बटण दाबलं आणि ती निसटून गेली. दुसरीही गेली.

"मला लग्न न्हाई करायचं. शिकायचंय," माझ्या तोंडून निघून गेलं. घरी हे बोलायचं धाडस मला झालं नव्हतं.

मामांकडे परतल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मलाच इतक्यात लग्न नको."

तेव्हा सुटल्याचा आनंद तेवढा झाला. आता माझ्या मुलीला स्थळं येताहेत, आणि त्या दिवशी त्याच्या घरचे त्याला काय काय बोलले असतील, या विचाराने चैन पडत नाही.