शोकसभा पहिल्या मजल्यावर

ताई गेल्या, त्यानंतरच्या रविवारी आमच्या नगरसेवकांनी शोकसभा ठेवली. ठेवली ती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. लिफ्ट नाही. मी कुबड्या टेकत पोचले तेव्हा ताईंची माणसं जिन्याखाली थांबलेली होती. कोणी तीनचाकी सायकलवर, कोणी काठी घेऊन भिंतीला टेकलेलं. ज्यांच्यासाठी ताई आयुष्यभर भांडल्या ते खाली उन्हात, आणि त्यांना बघून केबिनचं दार लावून घेणारे वर पंख्याखाली. आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

ताई येरवड्याच्या आमच्याच वस्तीतल्या. बौद्ध घर, लहानपणी पोलिओ झालेला, सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. "आडनाव ऐकून खोली नाकारणारे आणि पाय बघून नोकरी नाकारणारे, मी दोन्ही बघितलेत," त्या म्हणायच्या. "दोघंही अगदी गोड बोलतात." वस्तीतल्या कोणाला पोलिसांनी उगाच उचललं, कोणाला शाळेने दाखला नाकारला, की ताई हाताने तीनचाकी सायकल रेटत तिथे हजर.

माझी नोकरी त्यांच्यामुळेच. कल्याणीनगरला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या काळात मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. एका कंपनीची परीक्षा पास झाले. मुलाखत घेणारा तरुण फार अदबीने म्हणाला, "मॅडम, यू आर गुड. पण आमचं टॉयलेट तुम्हाला जमणार नाही." मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन परत तिथेच गेल्या.

"टॉयलेट जमत नसेल तर टॉयलेट बदला," त्या त्याला म्हणाल्या. "मुलगी बदलून मिळणार नाही."

तो हसला. ताई हसल्या नाहीत. त्यानंतर कचेरी सुटली की त्या रोज त्या कंपनीच्या फाटकासमोर सायकल लावून बसायच्या. वॉचमन हटवायला आला की विचारायच्या, "रस्ता कंपनीचा आहे का?" पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी टॉयलेट बदललं आणि मला बोलावणं आलं. कंपनीने त्या टॉयलेटचं उद्‌घाटन केलं, फोटो काढले. ताईंना बोलावलं नाही.

तर, जिन्याखाली. नगरसेवकांचा एक कार्यकर्ता खाली आला. "चला, आमची पोरं एकेकाला उचलून नेतील. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "ताईंनी स्वतःला कधी उचलू दिलं नाही. सभा खाली घ्या."

"अहो, आता ताई नाहीत ना," तो म्हणाला.

माझ्या हातात कुबडी होती. ती मी त्याच्या अंगावर उगारली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वरून लाउडस्पीकरवर नगरसेवकांचा आवाज येत होता: ताईंनी अपंगांना स्वतःच्या पायांवर उभं केलं. माझ्या शेजारची बाई, जिला पायच नव्हते, शांतपणे म्हणाली, "कधी?"

ताईंचे थोरले भाऊ वर व्यासपीठावर होते. रिटायर्ड पोस्टमन, मितभाषी माणूस. त्यांना कोणीतरी खालची गोष्ट सांगितली असावी. भाषण मध्येच थांबलं. थोड्या वेळाने भाऊ ताईंचा हार घातलेला फोटो छातीशी धरून जिना उतरताना दिसले. मागून नगरसेवक, "अहो काका, ऐका तर." काकांनी ऐकलं नाही. फोटो एका रिकाम्या सायकलच्या सीटवर ठेवला आणि म्हणाले, "इथे बोला."

नगरसेवकांना दुसरा कार्यक्रम आठवला. ते गाडीत बसून गेले. वरचे बरेच लोक आपापल्या घरी गेले, काही लाजून आमच्यात येऊन उभे राहिले. माईक नव्हता. रिक्षांच्या आवाजात आम्ही ओरडून ओरडून बोललो. कोणी शाळेचं सांगितलं, कोणी पोलीस चौकीचं. मी टॉयलेटचं सांगितलं.

पुढे त्या हॉलला लिफ्ट बसली. दोन पायऱ्या चढून गेल्यावर तिचं दार लागतं. आता आम्हाला दिव्यांग म्हणतात. त्या दोन पायऱ्यांसाठी मी महापालिकेत खेटे घालते आहे. साहेब पाणी विचारतात, चहा विचारतात, बसा म्हणतात. मी बसत नाही.