सतरंजीच्या मधली जागा

आमच्या सरपंचानं मला फसवलं. मुलांच्या रविवारच्या धम्मवर्गाला तो बुद्धविहारामागची लहान खोली देत होता. मी भांडून जुन्या दवाखान्याची मोठी खोली मिळवली. त्यानं हसत किल्ली दिली. आधी तिथं काय होतं, ते सांगितलं नाही.

मुलं वंदना म्हणत, पंचशील घेत आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत. पण सतरंजीच्या मधोमध कोणी बसेना. सगळी भिंतीला चिकटून. एकदा मी रागावलो, तशी पहिलीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिथं कुनीतरी झोपलंय."

"आपण बौद्ध. भूत मानत नाही."

"भूत न्हाई सर. मानूस हाय."

मुलं गेल्यावर मी सतरंजी गुंडाळली. फरशीत बोल्टांची चार भोकं होती, मधे माणूस आडवा मावेल एवढी जागा, आणि तिथून मोरीकडे गेलेली पन्हळ. तसाच सरपंचाकडे गेलो.

"व्हय, पोस्टमार्टेमचं टेबल हुतं," तो म्हणाला. "पन तुमी भूत मानत न्हाई ना, गुरुजी?"

टेबल त्या मुलीच्या जन्माआधीच तिथून हलवलं होतं. तिला कसं कळलं, ते मला माहीत नाही. भूत मी आजही मानत नाही, पण त्या जागेवर मीही अजून बसलेलो नाही.

'खोटं बोलणार नाही' हे शील मी दर रविवारी मुलांकडून म्हणवून घेतो, म्हणून 'तिथं कोणी नाही' असं त्या मुलीला मला सांगवत नाही. आता सरपंचानं यावं, त्या मधल्या जागेवर बसावं आणि तिथं कोण झोपलंय, ते त्या मुलीला सांगावं.