पहिल्या पाकिटावरचं बोट

रंगनाथ भिंगारदिवे याच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण तो मला फारसा माहीत नव्हता. सहा वर्षं आम्ही एकाच पत्र्याच्या शेडखाली काम केलं. त्याचा डबा माझ्या डब्यापासून दोन हातांवर उघडायचा. तरी त्याच्या आईचं नाव मला सांगता येणार नाही. त्याच्या घरी मी एकदाच गेलो, आणि तेही तो गेल्यावर. मला लिहायची सवय नाही. चार ओळींचं पत्रसुद्धा मी लांबणीवर टाकतो. त्याच लांबणीवर टाकण्याची ही हकिगत आहे.

नगरच्या एमआयडीसीत एक लहानसा खेळण्यांचा कारखाना होता. शहाऐंशी साली सुरू झाला, ब्याण्णवला बंद पडला. तिथे प्लॅस्टिकचे वीतभर घोडे बनत. गुलाबी, हळदी, जांभळे. त्यांना नायलॉनची लांब आयाळ आणि शेपटी असे आणि सोबत एक इवलासा कंगवा. साचे परदेशातून आलेले होते. आयाळ बसवायला बायका होत्या आणि त्यांच्यात लंकाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

"घोड्यांला केस लावून लावून माजे गळाले बाई," ती म्हणायची. "मालकाला म्हनावं, उरलेलं नायलॉन मला दे."

"मंग जांभळंच घ्या, लंकाबाई. तुमाला शोभंल," रंगनाथ मान वर न करता म्हणायचा.

तो पॅकिंगला होता आणि मी सीलिंग मशीनवर. पुठ्ठ्यावर घोडा ठेवायचा, वर पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी बसवायची आणि पायाने दांडा दाबून गरम पट्टीने ती पुठ्ठ्याला चिकटवायची, हे माझं काम. कारखाना सुरू होताना, मशीनच्या चाचणीतच, त्या पट्टीखाली माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. तेव्हापासून ते बोट एका बाजूने तिरकं आहे.

घोडा सगळीकडे एकच, पण पाकीट सगळीकडे एक नव्हतं. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या पुठ्ठ्यावर इंग्रजी मजकूर असे. मद्रासकडचा माल बंद डब्यात जाई, कारण तिकडचे दुकानदार माल एकावर एक रचून ठेवत. आमच्या भागासाठीचा पुठ्ठा मराठी. तोही आधी चिकटवलेलाच होता. पण कोपरगावचा एक व्यापारी गोणीभर पाकिटं परत घेऊन आला आणि मालकाच्या टेबलावर ओतून म्हणाला, "दिवसभर दोरीला उन्हात टांगतो आमी. संध्याकाळी बघावं तर घोडं खाली आन् पुठ्ठा वर!" डिंक उन्हाने सुटत होता. मग आठवडी बाजारच्या आणि खर्डा गावाकडच्या जत्रांच्या मालाला टोपी चिकटवून वर चार कोपऱ्यांना चार पिना मारायचं ठरलं. ही युक्ती रंगनाथची. मालकाने त्याबद्दल त्याला एक नारळ दिला होता.

कारखान्यात एक रीत होती. नव्या छपाईचे पुठ्ठे आले, की पहिल्या तयार पाकिटाला हळदकुंकू लावायचं. मशीन माझ्याकडे म्हणून बोटही माझंच. रंगनाथच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. तो स्वतः कुंकवाला हात लावत नसे. पण पाकीट तोच दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायचा, उजवा खालचा कोपरा माझ्याकडे करून. "लावा आप्पा, लवकर. माल थांबलाय," म्हणायचा. मी त्या कोपऱ्यात बोट टेकवायचो. डाग पडलेलं पाकीट व्यापारी घेत नसत, म्हणून ते फळीवर पडून राही. रंगनाथने मालकाला विचारून ती पाकिटं घरी न्यायला सुरुवात केली.

"रंगनाथच्या घरात घोडे लई," लंकाबाई म्हणायची, "पन त्याच्या बायकूला, भामाबाईला, बाजारात जायला एक न्हाई."

कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याकडे तेवीस पाकिटं होती. प्रत्येक तऱ्हेचं पहिलं, न उघडलेलं. पुढे तो एका गोदामात लागला. मी कोल्हारला मुलाकडे राहायला गेलो, पण पेन्शनच्या कामासाठी आणि डोळ्यांच्या औषधासाठी नगरला येणं होई, तेव्हा बहिणीकडे उतरायचो.

पंच्याण्णव साली त्याची मुलगी यशोधरा कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. तिला कुठल्याशा परदेशी मासिकात एक पान सापडलं. आमच्यासारखेच घोडे तिकडच्या बाया जमवतात, नुसते घोडे नव्हे तर पाकिटंही, कुठल्या देशात कसा पुठ्ठा होता याची यादी करतात, असं त्यात होतं. खाली इंग्लंडमधल्या एका बाईंचा पत्ता होता. रंगनाथने दिल्लीगेटजवळच्या स्टुडिओतून तेवीस पाकिटांचे फोटो काढून पाठवले. विकायचं त्याच्या मनात नव्हतं. त्या यादीत आमचा मराठी पुठ्ठा यावा, एवढंच त्याला हवं होतं. मला सांगताना त्याचा आवाज बदलला होता. "आप्पा, चार पिनांचा पुठ्ठा साऱ्या जगात कुनाकडं न्हाई."

शहाण्णवच्या पावसाळ्यात उत्तर आलं. ते घेऊन तो माझ्या बहिणीच्या घरी आला. यशोधराने मराठीत उतरवून दिलेला कागद त्याने मला वाचायला दिला. बाई सभ्य होत्या. पण त्यांच्या मंडळींना शंका होती. पिना मारलेलं पाकीट कारखान्याचं कसं असेल? घरी बसून कुणी केलं असेल. शिवाय प्रत्येक पाकिटावर त्याच कोपऱ्यात त्याच आकाराचा तिरका तांबडा डाग. जणू शिक्का मारलाय. तिथे काम केलेल्या दुसऱ्या कुणी सहीनिशी दोन ओळी लिहून दिल्या, तर आम्ही मानू. नोव्हेंबरअखेर यादी छापायला जाईल.

"मी सांगून भागत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "मी खोटं केलं असं म्हनत्यात ती. तुमीच लिव्हा. मराठीत लिव्हा, पोरगी इंग्रजी करंल."

"लिहितो की."

"व्हय ना?"

"लिहितो म्हटलं ना."

मी लिहायला बसलो. 'मी खालील सही करणार' एवढं लिहिलं आणि थांबलो. मालकाने हरकत घेतली तर? तेवीसच्या तेवीस बोटं माझीच कशावरून? एखाद्या दिवशी मी रजेवर असेन. परदेशात जाणारा कागद, त्यावर माझं नाव. उद्या कुणी काही विचारायला आलं तर? मी कागद फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला.

दिवाळीच्या आधी तो परत आला. ओट्यावरच बसला. या दोन्ही वेळा तो ओट्यावरच बसला होता आणि मी त्याला आत ये म्हणालो नव्हतो. घर बहिणीचं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तिनेही कधी नको म्हटलं नव्हतं.

"जमत नसंल तर लिव्हू नका, आप्पा," तो म्हणाला. खिशातून कोरा कागद काढला. सोबत पुडीत कुंकू आणलं होतं. त्याच्या घरात कुंकू नसायचं, म्हणजे त्याने ते मुद्दाम दुकानातून आणलं असणार. "नुसतं बोट उठवा आन् खाली सही करा. त्या बाईला आकार दिसंल. बाकीचं पोरगी लिव्हील."

मी बोटाकडे बघितलं. एका क्षणाचं काम होतं. पण कोऱ्या कागदावर बोट उठवल्यावर वर कुणी काय लिहील, असं वाटलं. लिहिता येणाऱ्या माणसाने कागदावर बोट का उठवावं, असंही मनात आलं. मी म्हणालो, "राहू दे इथं. उद्या देतो."

त्याने कागदाची घडी आणि पुडी ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कोल्हारला निघून आलो. घडी पिशवीत होती. नोव्हेंबर गेला.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत छापील यादी त्याच्या घरी पोचली. भारताच्या पानावर मुंबईचा पुठ्ठा होता, मद्रासचा डबा होता. त्याखाली एक ओळ: पिना मारलेली मराठी पाकिटं घरगुती नक्कल आहेत, सभासदांनी सावध राहावं. यशोधराने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा, ती नंतर सांगत होती, त्याने फक्त विचारलं, "नाव टाकलंय का माजं?" नाव नव्हतं. पण तेवढ्याने काय होतं? पिनांची युक्ती ज्याची, तोच नकली ठरला होता. त्याने पाकिटं पेटीत ठेवली आणि पुन्हा कुणाला दाखवली नाहीत.

माझ्यावर तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर दोनदा भेट झाली, पण पत्राचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

नव्याण्णवच्या जूनमध्ये गोदामात काम करताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मला आठ दिवसांनी कळलं. मी गेलो तेव्हा यशोधराने न विचारता पेटी उघडली आणि पाकिटं माझ्यापुढे मांडली. पिना गंजल्या होत्या. मी एकेका डागावर बोट टेकवून बघितलं. तेवीसच्या तेवीस माझे होते. एकाही दिवशी मी रजेवर नव्हतो. भामाबाईंनी मला आत बसवून चहा दिला.

मी त्या बाईंना तेव्हा पत्र लिहिलं, बोट उठवलं, सही केली. यशोधराने इंग्रजी केलं. महिन्याने ते परत आलं. बाई त्या पत्त्यावर राहत नव्हत्या.

आमची शेवटची भेट त्याच वर्षी एप्रिलमध्ये तारकपूर स्टँडवर झाली होती. तो गोदामाकडे चालला होता. मला बघून थांबला.

"आप्पा, उघड्या डोक्यानं कुठं निघाला? ऊन लई हाय."

"टोपी पिशवीत आहे."

"पिशवीला ऊन लागतंय व्हय? घाला की."

मी टोपी घातली.

"कोल्हारची लागली बघा. पळा, खिडकी धरा."

"येतो रे."

"या."